डाग काढणारी अळंबी

लाँड्रीवाल्याचा आपल्या विद्येवर भारी विश्वास. चंद्रावरचा डाग आणून द्या, संध्याकाळी घेऊन जा, असं तो गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायचा.

आणि घोळ निघाला तो नेमका त्याच छातीत. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून मान हलवली. "काका, कोलेस्टेरॉल फार वाढलंय. हे असंच राहिलं तर हृदयाला धोका आहे. रोज एक गोळी घ्यायची. लोणी, तळलेलं आवरा. मांसाऐवजी अळंबी खा. त्यातल्या तंतूंची थोडीफार मदत होते. पण गोळी चुकवायची नाही हं!"

बायकोने सगळं ऐकलं. लाँड्रीवाल्याने ऐकली ती फक्त अळंबी.

अळंबीला घरात काय तोटा? धाकटी नणंद दुकानामागच्या खोलीत ओल्या पेंढ्याच्या पिशव्या टांगून अळंबीच पिकवायची. इस्त्रीच्या वाफेने खोली सदा दमट, त्यामुळे पीक असं यायचं की विचारू नका.

"वहिनी, काल पावसात एका अळंबीखाली तीन माणसं उभी होती," नणंद सांगायची.

"वन्सं, मी पाहिलं तेव्हा तर तिथे नुसतं मांजर बसलेलं."

"मांजर सकाळी गं! दुपारपर्यंत वाढली ना ती!"

त्या दिवसापासून लाँड्रीवाला स्वतः कढईपाशी उभा राहायला लागला. लोण्याचा हा एवढा गोळा वितळवायचा आणि त्यात अळंबी परतायची.

"अहो, लोणी आवरा म्हणाल्या ना त्या?" बायकोने विचारलं.

"अगं, बघ तरी! एक थेंब उरलाय का कढईत? सगळं प्यायली! तेलाच्या डागावर आपण खडूची भुकटी टाकतो, ती कसं तेल ओढून घेते? तशीच ही पोटात जाऊन रक्तातलं तेल ओढणार."

बायकोला पटलं. पटणारच, तिचाही जन्म डाग काढण्यात गेलेला. तीसुद्धा रोज सकाळी ताट वाढून कौतुकाने बघत बसायची.

पुढच्या तपासणीत आकडा खाली यायचा सोडून आणखी वर चढला. "काका, गोळी रोज घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घेतो की!" लाँड्रीवाला म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

घरी आल्यावर बायकोचं कशात लक्ष लागेना. लग्नापासून या माणसाची बडबड ऐकून तिचे कान किटले होते. ती बडबड थांबली तर काय, हेच तिच्या मनात येत राहिलं. काहीतरी करावं म्हणून तिने त्याचा जुना कोट धुवायला ओढला. दुकानाचा नियम असा, की खिसे तपासल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जाणार नाही. आजवर तिला लोकांच्या खिशांत अंगठ्या सापडल्या, किल्ल्या सापडल्या, एकदा तर अख्खी कवळी सापडली, आणि नणंदेचं ऐकाल तर ती कवळी हसत होती. पण नवऱ्याचा खिसा तिने कधी तपासला नव्हता.

आत हात घातला तर गोळ्यांची पाकिटं. सगळी भरलेली. एकही गोळी काढलेली नाही.

ती कपड्यांच्या टोपलीवरच बसली. तेवढ्यात लाँड्रीवाला आला, तिच्या हातातलं बघून दारातच थबकला.

"अहो, हे काय?"

बराच वेळ तो इस्त्रीची वायर सरळ करत राहिला. मग म्हणाला, "आमच्या थोरल्या भावाने गोळ्या सुरू केल्या आणि महिन्याभरात गेला. मला वाटतं, गोळी घेतली म्हणजे… म्हणजे झालंच."

बायकोचा राग कुठल्या कुठे गेला. एवढा ढोल वाजवणारा माणूस, आत इतका भित्रा!

"भावजी गोळीने नाही गेले हो. दुखणं अंगावर काढून काढून अगदी शेवटी डॉक्टरकडे गेले ते," ती हळूच म्हणाली. "मी होते ना तिथे."

मग तिने टेबलावर एक फडका पसरला, त्यावर तेलाचे दोन डाग पाडले. एकावर कोरडी खडूची भुकटी टाकली. दुसरी भुकटी घेतली, ती लोण्यात चांगली मळली आणि मग दुसऱ्या डागावर थापली.

"अगं, वेडी का काय? डाग वाढेल ना तिथे! भुकटी आधीच तुडुंब भरलीय, ती आणखी काय ओढणार?" लाँड्रीवाला ओरडला. आणि ओरडता ओरडता थांबला. त्याने फडक्याकडे पाहिलं, स्वयंपाकघरातल्या कढईकडे पाहिलं आणि खाली बसला.

"आणि कोरडी टाकली तरी," बायको म्हणाली, "जुना डाग नुसत्या भुकटीने जातो का हो? तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना, औषध लावावं लागेल म्हणून."

त्याने हात पुढे केला. बायकोने गोळी ठेवली, पाणी दिलं आणि गोळी गिळेपर्यंत त्याचं मनगट धरून ठेवलं.

"जिवंत आहे मी?" त्याने एक डोळा उघडून विचारलं.

"बडबड ऐकू येतेय, म्हणजे आहात. उद्या जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगायचं."

"तू येशील ना?"

"तुमचे खिसे कोण तपासणार मग?"

आतून नणंद ओरडली, "दादा, जेवायला ये! आज नुसती पाण्यात शिजवलीय, मिरपूड टाकून. एकच अळंबी आहे, पण दार काढून आत आणावी लागली!"