अर्धवट तापलेला दगड

मी एक दगड बोलतोय. आमच्या डोंगरात मोठा स्वयंपाक भांड्यात होत नाही, जमिनीत खड्डा खणून होतो, आणि तो आम्ही दगड करतो. माणसं म्हणतात बायकांनी केला. म्हणू देत.

मला नदीतून वर आणलं ते आमच्या घरधन्याच्या, वाग्लच्या आईनं. आमच्या सिंबू मुलखातल्या नदीत दगडांना तोटा नाही, पण म्हातारी भारी चोखंदळ. एकेक दगड उचलायची, दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकायची. बद्द वाजला की फेकून द्यायची, कारण असा दगड आगीत फुटतो. मी खणखणीत वाजलो. तेव्हापासून मला जरा गर्वच होता, खोटं कशाला बोलू?

पुढची कितीतरी वर्षं मी इमानेइतबारे तापलो. लाकडांच्या ढिगावर आम्हाला रचायचं, खाली जाळ करायचा, आम्ही पांढुरके झालो की चिमट्यानं उचलून खड्ड्यात ठेवायचं. मग केळीची पानं, रताळी, पालेभाजी, सणाला डुक्कर, वर पुन्हा पानं आणि माती. अर्धा दिवस आत अंधार आणि वाफ. बाहेर माणसं गप्पा मारत बसलेली. मला ते आवडायचं.

म्हातारी गेली. सुतक फिटायच्या दिवशी तिच्या माहेरच्यांना डुक्कर खाऊ घालावं लागतं. ते नाराज होऊन गेले तर मेलेल्या माणसाचाच अपमान. म्हणून वाग्लनं घरातलं सगळ्यांत मोठं डुक्कर मारलं. म्हातारीचा भाऊ मोंडो आपली माणसं घेऊन खिंडीपलीकडून आला.

मोंडोमामा आल्यापासून आभाळाकडे बघत होता. "भाच्या, जेवण आज देणार आहेस की पुढच्या सुतकाला? आम्हाला उजेडात खिंड ओलांडायचीय."

चार माणसं हसली. वाग्लचा चेहरा पडला. तो बायकोवर, कुग्लामेवर, खेकसला, "काढ दगड!"

"अहो, पांढरे कुठे झालेत अजून?"

"काढ म्हटलं ना! पाहुण्यांसमोर लाज घालवतेस माझी."

मी ढिगाच्या कडेला होतो. एक बाजू तापलेली, दुसरी नुसती कोमट. मला चिमट्यानं उचललं आणि डुकराच्या रिकाम्या पोटात ठेवलं, जिथे मांस सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत उशिरा शिजतं. मी जीव तोडून वाफ द्यायचा प्रयत्न केला. पण नसलेली ऊब कुठून आणू? बाहेर काढलं तेव्हा माझ्या लगतचं मांस आतून गुलाबीच होतं.

मोंडोमामानं आपला वाटा पानात बांधून नेला. आतलं मांस बायकामुलांचं, ते वाग्लच्या सहा वर्षांच्या रोसाला मिळालं. असं मांस वर्षातून क्वचित, म्हणून तिनं थोडं राखून ठेवलं. दोन दिवस ती ते थंड रताळ्याबरोबर चिमूट चिमूट खात होती. माझ्याजवळ बसून खायची.

तिसऱ्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. दुपारपर्यंत फुगून टणक झालं. काळपट ओकारी झाली. मग ती रडायचीही थांबली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

वाग्ल म्हणाला, "मामा कुरकुरत गेला, म्हणून आई कोपलीय. दुसरं डुक्कर मारतो. तिला पोचलं की पोरगी उठेल."

"तुमची आई नातीचं पोट फुगवेल? जिवंतपणी कडेवरून खाली ठेवलं नाही हो तिनं रोसाला!"

"मग काय झालंय, तू सांग!"

"मला नाही कळत. ज्याला कळतं त्याच्याकडे नेते. तुम्ही काय मारायचं ते मारा."

कुग्लामेनं रोसाला विणलेल्या झोळीत घातलं, झोळीचा पट्टा कपाळाला लावला आणि डोंगर उतरायला लागली. वाग्ल कुऱ्हाड घेऊन डुकराच्या खुंट्यापर्यंत गेला, तिथेच थांबला. मग कुऱ्हाड टाकून तिच्यामागे धावला.

पुढचं मी कुग्लामेच्या तोंडून ऐकलं. खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं पोटाला हात लावला आणि लगेच गाडी मागवली. शहरात डॉक्टरांनी रोसाचं हातभर आतडं कापून काढलं. ते काळं पडून सडलं होतं. परतताना खालच्या कंपाउंडरनं विचारलं, "मांस आतून गुलाबी होतं का?" वाग्ल म्हणाला, हो, आणि आईच्या कोपाचंही सांगितलं. "नुसत्या रताळ्यावर वाढलेल्या पोटाला असं मांस सोसत नाही, त्यात ते शिळं. आई रागावली नाही बाबा, तुम्ही घाई केलीत."

रोसा वाचली.

पण वाटा खिंडीपलीकडेही गेला होता. मोंडोमामाची नात रोसाच्याच वयाची, तिनंही तो खाल्ला. तिकडेही पोट फुगलं, तिकडेही कुणीतरी कोपलंय असंच म्हणाले. डुक्कर मारलं आणि वाट बघत बसले. पोर चौथ्या दिवशी गेली.

ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपण नदीतच राहिलो असतो तर बरं झालं असतं. आजही वाटतं.

रोसा चालायला लागल्यावर कुग्लामेनं जेवण घातलं. मोंडोमामालाही निरोप गेला. तो येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण आला. दुपार कलली तरी खड्डा रिकामाच. कुग्लामे ओंजळीत पाणी घेऊन एकेका दगडावर शिंपडत होती. माझ्यावरचं पाणी नुसतं सुकलं. "नाही अजून," ती म्हणाली आणि मला ढिगाच्या मधोमध ढकललं.

पाहुणे चुळबुळ करू लागले. कुणीतरी म्हणालं, "खिंड ओलांडायचीय, मामा. उशीर होतोय."

मोंडोमामा रोसाकडे बघत होता. "होऊ दे," तो म्हणाला. "मी आज थांबायलाच आलोय."

कुग्लामेनं आणखी लाकडं सारली. जाळ वाढला. इतका तळापर्यंत पांढरा मी आयुष्यात कधीच झालो नव्हतो. पुन्हा पाणी पडलं, ते माझ्यावर नाचलं, आणि मी कडकन फुटलो. म्हातारीनं इतका पारखून आणलेला मी, शेवटी फुटलोच.

फुटका दगड खड्ड्यात घालत नाहीत. आता मी कुंपणाशी पडून आहे. रोसा माझ्यावर बसून रताळी सोलते, पोटावर लांब व्रण आहे तिच्या. तुमच्याकडे पाहुणे घाई करायला लागले तर त्यांना बसवून ठेवा. दगडावर आधी पाणी शिंपडून बघा. पाणी नाचलं नाही तर त्याला उचलू नका. दगडाला स्वतःहून 'नाही' म्हणता येत नाही.