भगदाडात न मावलेलं हँडल

मित्रांनो, मी एक जुनं हँडल आहे, सायकलचं. चकाकी कधीच गेली. उजव्या बाजूला गंज चढलाय आणि डाव्या टोकाला एक खोल खाच आहे. ती खाच कशी पडली तेच सांगतो. जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

एक गोष्ट आधी समजून घ्या. बघतो, ऐकतो मी तुमच्यासारखाच, पण मला खरी कळते ती माणसाची पकड. मूठ आवळली की अंगठा कुठं आहे, कुठलं बोट जोर लावतंय, करंगळी कामावर आहे का नुसती हजेरी लावून बसलीय, हे मला त्या माणसाच्या आधी कळतं. हे कळणं काही सुखाचं नसतं बरं का.

जन्म माझा लुधियानाचा. सरळ नळी होतो. मशीननं दोन्हीकडनं वाकवलं आणि टोकं मागं, चालवणाऱ्याच्या पोटाकडे वळवली. तिथनं जहाजानं निघालो, मग ट्रकनं रियाधला पोचलो. अल सुलैच्या एका गोदामाच्या वॉचमननं मला कैक वर्षं वापरलं. ताठ बसायचा गडी, घोड्यावर बसल्यासारखा. कधी मान दुखली म्हणाला नाही. लोक म्हणायचे, चाचा, तुमची सायकल बघूनच आराम वाटतो. मग त्याचं खुरूज लागलं, म्हणजे कायमचं घरी जायचं. सायकलची फ्रेम भंगारात गेली आणि मी आलो धोंडीरामच्या खिळ्यावर.

धोंडीराम साताऱ्याकडचा, कामगारांच्या कॅम्पातला प्लंबर. शुक्रवारी सुट्टी असली की पाण्याच्या टाकीमागं पत्र्याच्या सावलीत सायकली दुरुस्त करायचा. त्या खिळ्यावरनं मला समोरची भिंत दिसायची आणि भिंतीतलं भगदाड.

ते भगदाड म्हणजे सगळ्याचं मूळ. कॅम्प अलीकडे, गोदामं आणि कारखाने पलीकडे, मधे ब्लॉकची भिंत. कधीतरी एका ट्रकनं मागं येताना तिला धडक दिली होती. तिथनं घुसलं की गोदाम हाकेच्या अंतरावर. नाहीतर मोठ्या रस्त्यानं वळसा, आणि त्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रेलर. पण भगदाड अरुंद, वरून लोखंडी सळया लोंबणाऱ्या. म्हणून कॅम्पात एक रीतच पडली होती. नवा माणूस आला की पहिल्या शुक्रवारी, नमाज झाली की त्याच्या सायकलचं हँडल दोन्हीकडनं कापायचं आणि ठोकून पार खाली बसवायचं. मग माणूस छाती टेकवून, कोपरं अंगाशी धरून, न उतरता भगदाडातनं सुळकन पलीकडे. सगळे टाळ्या वाजवायचे, नवा माणूस चहा पाजायचा. कापलेले तुकडे एका डब्यात पडायचे. बोटांएवढे तुकडे. मला ते बघवायचे नाहीत.

हनीफ आला तेव्हा त्याचंही तसंच कापलं. हनीफ हर्णैचा, गावाकडे होड्या दुरुस्त करणारा सुतार. इथं पॅलेट, म्हणजे माल रचायचे लाकडी पाट, बनवायच्या कारखान्यात करवतीवर. लाकूड ढकलायचं, फिरतं पातं कापतं, पात्यापासून हात वीतभर लांब. त्या वीतभरातच त्याची रोजी होती.

वर्ष गेलं असेल. एका शुक्रवारी हनीफ सायकल घेऊन आला आणि म्हणाला, ब्रेक फार कडक झालाय. धोंडीरामनं ब्रेक दाबला. लोण्यासारखा मऊ.

"ब्रेकला काय नाय झालं बाबा. हात दाखव."

"हाताला काय होतंय, मामा? रूममधली एसी लागते रात्रीची."

शेजारी नीलेश बसला होता, त्याच कारखान्यातला फोर्कलिफ्टवाला, सांगलीचा. त्याला गप्प बसवायचं म्हणजे तोंडात काहीतरी कोंबावं लागतं. तो म्हणाला, "एसी कसली, घरून फोन आला की ह्यांचे हात गळतात."

हनीफ हसला, पण हात खिशात गेला. नीलेश बोलला त्यात जरा खरं होतं. हनीफची बायको कुबरा, व्हिडिओवर तिनं विचारलं होतं की चहाचा ग्लास दोन हातांनी का धरताय. गरम आहे म्हणून, असं ह्यानं सांगितलं. मग मुलीला फोन दे म्हणाला आणि विषय गेला. धोंडीरामनं फार खोदलं तेव्हा कुठं बाहेर पडलं. दोन्ही हातांच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या, आणि आता मुंग्याही येत नव्हत्या. फोरमनला कळलं तर करवतीवरनं काढेल, आणि सुताराला करवतीवरनं काढला की त्याचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, कशाला वाढवतील?

धोंडीरामनं सायकल भिंतीला टेकवली आणि त्याला वर बसवलं.

"डोळे मीट. हात सैल सोड. आता सायकल चालवतोयस असं समज आणि हात पुढं कर. हँडल शोधू नको. हात जिथं थांबतील तिथं थांबू दे."

हात थांबले ते त्याच्या कापलेल्या हँडलच्या वर, चांगले वर, आणि खांद्याएवढे रुंद. धोंडीराम बोटानं दाखवत गेला. बघ, तू रोज इथवर वाकतोस. अंगाचा सगळा भार सीटनं घ्यायचा, तो तुझ्या तळहाताच्या ह्या कडेनं घेतलाय. मनगट मोडलेलं, तिथली शीर चेंगरते. खड्डा आला की आणखी चेंगरते.

मग त्यानं एक सरळ, लांब हँडल धरून बघितलं. हनीफचे खांदे कानाला लागले. दुसरं उंच शिंगांचं होतं, त्यात कोपरं अशी वर गेली की नीलेश म्हणाला, कोंबडी आता उडणार. मग धोंडीरामनं मला खिळ्यावरनं काढलं.

हनीफचे तळवे माझ्यावर आले आणि मनगटं सरळ झाली. कोपरं जराशी वाकलेली, खांदे खाली आले, जसं कुणी पाठीवरचं पोतं उतरवून घेतलं. बराच वेळ त्यानं डोळे उघडलेच नाहीत. बाकीच्यांना तो आराम दिसला. मला पकड कळली. दोन्हीकडनं तीन-तीन बोटं दाबत होती. उरलेली नुसती माझ्यावर पडली होती, मेलेल्या मासोळीसारखी.

नीलेशनं विचारलं, "झकास आहे, पण भगदाडातनं कसं न्यायचं?"

"न्यायचंच नाही. रस्त्यानं जायचं," धोंडीराम म्हणाला.

हनीफनं डोळे उघडले. रस्त्यानं वळसा म्हणजे पहाटेच निघायचं, आणि ट्रेलर वेगळे. तो म्हणाला, दोन्हीकडनं कापून दे. धोंडीरामनं समजावलं की ह्याचा आराम टोकांतच आहे, टोकं कापली तर हे आणि जुनं एकच. पण हनीफ ऐकेना. शेवटी धोंडीराम म्हणाला, मी नाही कापणार. हनीफनं मला काखेत मारलं आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यानं मला कारखान्यातल्या लोखंड कापायच्या कटरवर नेलं. कटरचा शिकंजा ढिला झालेला, म्हणून सगळे हातानंच धरायचे. हातमोजा घसरत होता, तो काढून ठेवला. डावा हात माझ्यावर, कापायच्या जागेला अगदी लागून. चकती फिरली, ठिणग्या उडायला लागल्या.

मित्रांनो, लोखंड कापताना तापतं. मी तापत चाललो. त्याचं मधलं बोट चटकन मागं सरलं, ते शहाणं होतं. त्याच्या पलीकडची दोन तिथंच राहिली. मी आणखी तापलो. मला वाटलं आता उचलेल, आता उचलेल. तो चकतीकडे बघत होता, भुवया आवळून, मन लावून, चांगला कारागीर बघतो तसा. आणि वास सुटला.

नीलेश डबा खाऊन हात धुऊन येत होता. दारातच थांबला.

"हनीफभाई, कसला वास येतोय?"

"रंग जळतोय हँडलचा."

नीलेश जवळ आला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"रंग नाही ओ. तुमची बोटं जळतायत."

हनीफनं हात उचलला आणि बघितला. दुसऱ्या कुणाचा तरी हात रस्त्यात सापडावा तसा बघितला. ओरडला नाही, फुंकर घातली नाही. चकती अजून फिरत होती. सुट्टी संपली होती, पलीकडे कुणीतरी लाकडाची करवत चालू केली, आणि हनीफनं मान वळवून तिकडं बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "नीलेश, मला काहीच कळलं नाही रे."

त्या दिवशी तो करवतीला शिवला नाही. संध्याकाळी स्वतःच फोरमनकडे गेला आणि सगळं सांगितलं. फोरमननं शिव्या घातल्या, मग त्याला करवतीवरनं काढून खाली बसून खिळे ठोकायच्या कामाला लावलं. डॉक्टर म्हणाला, शीर दबलीय, भार काढा, सुधारेल किंवा नाही सुधारणार. फोरमन म्हणाला, हिवाळ्यापर्यंत बघू. त्याचा अर्थ, नाहीतर घरी, हनीफला बरोबर कळला. कुबरालाही त्यानं खरं सांगितलं. ती नुसतं म्हणाली, हात कॅमेऱ्यापुढं धरा, नीट धरा.

धोंडीराममामानं मला न कापता सायकलवर चढवलं, त्या खाचेसकट. आता आम्ही पहाटे रस्त्यानं जातो. ट्रेलर बाजूनं गेला की वारा आम्हाला आत ओढतो, आणि हनीफ ताठ बसून मला घट्ट धरतो. निघायच्या आधी तो रोज एकेक बोट माझ्यावर दाबतो. करंगळीच्या शेजारची बोटं उन्हाळ्यात परत आली. उजवी करंगळी येते कधी, कधी नाही. डावी टेकते, दाबत नाही. हिवाळा काही फार लांब नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, हँडल घेताना चकाकी बघू नका, दुसऱ्याच्या सायकलवर काय आहे ते बघू नका. डोळे मिटा, हात पुढं करा, आणि ते थांबतील तिथं मिळेल असं हँडल घ्या. हाताला मुंग्या आल्या तर झटकून गप्प बसू नका, कुणाला तरी सांगा. आणि आमच्यासारख्या जुन्या हँडलांना कापू नका. आमचं वाकडेपण तुमच्यासाठीच आहे.

एवढ्यावर थांबणार होतो. पण आज शुक्रवार आहे. नीलेशला बत्हाच्या बाजारात जायचं होतं, स्वतःची सायकल पंक्चर, म्हणून बसस्टॉपपर्यंत त्यानं हनीफची मागितली. त्याच्या स्वतःच्या सायकलचं हँडल अजून आखूडच आहे, सगळ्या कॅम्पाचं आहे. तो शीळ घालत वर बसला आणि त्याचे हात माझ्यावर आले.

अंगठा होता. पुढची दोन बोटं होती. शेवटची दोन नुसती पडलेली.

तो शीळ घालतच राहिला. उद्या सकाळी तो फोर्कलिफ्टवर बसेल, लिव्हर धरेल आणि पॅलेटची चळत छतापर्यंत उचलेल. तिच्याखाली हनीफ बसलेला असतो, खिळे ठोकत. मी सगळ्यांना ओरडून सांगतोय, पण तिथं माझं कुणाला ऐकू जात नाही. तुम्हाला जातंय. तुमचा कुणी बाप, मामा, भाऊ त्या बाजूला असेल तर आज फोन करा. आधी हाताचं विचारा, मग बाकीचं बोला.