गुणाजी बुवांचा दम

परळच्या एका इस्पितळात पेशंटचा दम मोजायची साधी पद्धत आहे. खुर्चीत बसायचं, श्वास भरून घ्यायचा आणि माईकसमोर 'आ' लावायचा, टिकेल तितका. किती टिकला ते कंप्युटर सांगतो. हा मोजणारा प्रोग्राम आकांक्षा परबने नोकरीला लागल्या लागल्या लिहिला. तेव्हा चाचणीला माणूस हवा म्हणून तिने लालबागच्या चाळीतून आपल्या बाबांनाच आणून बसवलं. गुणाजी परब. उभा जन्म गिरणीत कापसाच्या धुरळ्यात काढलेला माणूस, पण संध्याकाळी चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा. त्यांनी असा 'आ' लावला की नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी खोकल्याची ढास लागली, तेव्हा बुवा रागावले. "ह्यां काढून टाक गो. बुवाचो खोकलो कोणाक ऐकवतंस?"

आकांक्षाने खोकला कापला. तेव्हापासून प्रत्येकाचंच रेकॉर्डिंग खोकल्याच्या अलीकडे कापायची पद्धत पडली. आणि प्रोग्राममध्ये काहीही बदललं की आधी बाबांचा नमुना चालवून बघायचा, हीसुद्धा. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. नमुना मात्र रजा न घेता कामावर हजर असायचा.

यंदा वरून हुकूम आला. प्रोग्राम ज्या जुन्या गणिती लायब्ररीवर चालतो ती सोडा, नवी घ्या. लायब्ररी म्हणजे आकड्यांच्या (इथे आवाजाचा एकेक बारीक तुकडा म्हणजे एकेक आकडा) लांबच लांब रांगा सांभाळणारं, दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेलं आयतं गणित. नवी म्हणे फार वेगवान. दमेकऱ्याला कसली आलीय घाई! पण हुकूम तो हुकूम. आकांक्षाने सगळं नव्या लायब्ररीवर आणलं आणि पद्धतीप्रमाणे बाबांचा नमुना चालवला.

बाबांचा दम जवळजवळ दुप्पट निघाला.

तिने परत चालवला. तोच आकडा. खरं तर इथेच तिला शंका यायला हवी होती, इतकी वर्षं काय ती भाजी निवडत नव्हती. पण तिच्या मनात भलतंच आलं. म्हणजे जुनं मोजमापच चुकलं असेल? बाबांची छाती एवढी पोखरली नव्हतीच? त्या दुपारी तिला बाबांची इतकी आठवण आली की डबा तसाच राहिला. पुढे काही तपासायचं तिच्या जिवावर आलं.

जेवणाची सुट्टी संपल्यावर शेजारच्या टेबलावर काम करणारा संघर्ष नावाचा पोरगा हसत हसत आला. "ताई, तुझ्या प्रोग्रामने चमत्कार केलाय. सगळे पेशंट फिट! परवा ज्या काकांना ऑक्सिजन लावला ना, ते पण फुल दम दाखवतायत. बघ ना यार, सोमवारी ओपीडीत लावायचाय. डॉक्टर ह्या आकड्यावर औषध कमी करतात."

आकांक्षाला तिथल्या तिथे उमगलं. जुन्या लायब्ररीला रांग संपल्यावर पुढचा आकडा मागितला की ती ठणकावून सांगायची, नाही, संपलं. आकांक्षाचा प्रोग्राम तेच दम संपल्याची खूण मानायचा. नवी लायब्ररी नाही म्हणतच नाही. रांग संपली की शेवटचाच आकडा पुन्हा पुन्हा हातावर ठेवते, आणि प्रोग्राम आपला ठरलेली कमाल वेळ भरेपर्यंत मोजत बसतो. आणि खोकला कापल्यामुळे सगळ्यांचीच रांग भरल्या आवाजात संपत होती, म्हणून तो शेवटचा आकडाही चालू दमच समजला जात होता.

दुरुस्ती एका ओळीची. रांग संपली की थांब. तिने बोटं कीबोर्डवर ठेवली आणि उचलली. एकदा, फक्त एकदा, तिला हा लांबलेला दम ऐकायचा होता. तिने हेडफोन लावला आणि नव्या प्रोग्रामने जे मोजलं तेच वाजवायला सांगितलं.

बाबा आले. थोडा घोगरा, थरथरत वर चढणारा 'आ'. आणि मग त्यांची रांग संपली, शेवटचा तुकडा फिरत राहिला. सपाट, न थरथरणारा, न थकणारा. अगदी गिरणीच्या भोंग्यासारखा. आकांक्षाने कानावरून हेडफोन ओरबाडून काढला. एवढासा उरलेला दमही त्या भोंग्याच्या हवाली करायचा?

तिने ती ओळ लिहिली. जुना, तोकडा आकडा परत आला. काकांचाही आला.

"झालं?" संघर्षने विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि हेडफोनची वायर काढून मूळ रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. घरी बाबा दाढी करताना असाच आकार लावायचे. दम तुटायला आला की हात हलवून खुणावायचे, "धर गो चेडवा, सूर पडाक देव नको." आणि ती स्वयंपाकघरातून धरायची.

त्या चाचणीच्या दिवशी इथे माईकसमोर बाबा एकटेच होते, ती कंप्युटरकडे बघत बसली होती. स्पीकरमधला आवाज थरथरला आणि कापल्या जागी थांबला. संघर्ष मान वर करून बघत राहिला. आकांक्षाने डोळे मिटले आणि तोच सूर धरला.