पाचव्या बटणाचा नंबर

मित्रांनो, मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीतला जुना फोन आहे. कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा नेहमीच्या आकड्यांशेजारी आठ जादा बटणे बसवली गेली. एका बटणात एक नंबर साठवायचा. मग ते दाबले की सगळा नंबर मी आपोआप लावत असे. तेव्हा खिशातले फोन नव्हते. साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणून बटण दाबून दाखवत, आणि मी मनातल्या मनात फुलून जाई.

पण मी कुणा एकाचा नव्हतो. आठ ते दोन मोठ्या बाई आणि दोन ते आठ धाकट्या बाई माझ्यासमोर बसत. लिफ्टमध्ये कोणी अडकले की फोन माझ्यावर येई, म्हणून दिवसभर ती खुर्ची रिकामी ठेवता येत नसे. दोघींचे फारसे पटत नव्हते. धाकट्या बाई माझ्यावर बिस्किटांचा चुरा सांडत आणि मोठ्या बाई सकाळी धुसफुसत मला पुसत.

पाचवे बटण मोठ्या बाईंच्या वडिलांचे होते. ते एकटे राहत, त्यांना कमी ऐकू येई. अकरा वाजता बाई विचारत, "बाबा, गोळी घेतली का?" फोन वाजल्याशिवाय ते गोळीला हात लावत नसत. रविवारी सकाळी मात्र बाई स्वतःच त्यांच्याकडे जात.

एका संध्याकाळी धाकट्या बाईंचे बोट चुकून पाचव्यावर पडले. पलीकडून आवाज आला, "बोल गं. बरं झालं केलास. अगदी करमत नव्हतं." नंबर चुकला, हे सांगायला धाकट्या बाईंची जीभ रेटेना. "चहा घेतलात का बाबा?" एवढेच त्यांनी विचारले. त्या दिवसापासून त्या रोज सहाला ते बटण दाबू लागल्या. वडिलांना वाटे, लेक आता दोनदा फोन करते. मोठ्या बाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते.

एके सकाळी कचेरीतली फोनची यंत्रणा बदलली आणि माझी सगळी बटणे कोरी झाली. मेकॅनिकचा नंबर निदान भिंतीवर लिहिलेला होता. अकरा वाजता मोठ्या बाईंनी पाचवे दाबले. मी मुका. पहिले तीन आकडे त्यांना आठवले, पुढचे काही केल्या येईनात. इतकी वर्षे ते काम मीच करत आलो होतो ना! वडिलांचा फोन कुणा जुन्या भाडेकरूच्या नावावर होता, त्यामुळे टेलिफोन खात्याच्या चौकशीवाल्यांनाही सापडेना. त्यातच दोन माणसे लिफ्टमध्ये अडकली. "घाबरू नका, माणूस निघालाय," असे त्यांना धीराने सांगताना बाई दुसऱ्या हाताने तेच तीन आकडे कागदावर पुन्हा पुन्हा लिहीत होत्या.

दोन वाजता धाकट्या बाई आल्या. मोठ्या बाई पर्स उचलत म्हणाल्या, "मी बाबांकडे पळते. त्यांचा नंबरच आठवत नाहीये मला."

धाकट्या बाईंनी उभ्या उभ्याच रिसीव्हर उचलला, सहाही आकडे एकेक करून दाबले आणि तो मोठ्या बाईंच्या हाती दिला.

"किती उशीर केलास," वडील म्हणाले. "गोळी हातात घेऊन बसलोय."

"चुकलं बाबा. घ्या आता. मी येतेच आहे."

"एवढ्या लांब कशाला? संध्याकाळी करशीलच ना फोन, रोजच्यासारखा?"

मोठ्या बाईंनी रिसीव्हर ठेवला. "तुम्हाला नंबर पाठ कसा?"

"रविवारी घरून लावते. तिथे बटण नाही. इथे बटण दाबलं की फोनच्या काचेत आकडे उमटायचे, तेच पाठ केले." धाकट्या बाईंनी मान खाली घातली. "सांगणार होते. पण तुम्हाला वाटलं असतं, ही नको तिथे नाक खुपसते."

मोठ्या बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "आज सहाला नक्की करा. मी त्यांच्याशेजारीच बसलेली असेन. त्यांना कळू दे, दुसरी लेक कोण ते."

मित्रांनो, आता मी कपाटात पडून आहे. माझ्या जागी आलेले फोन हजारो नंबर लक्षात ठेवतात. खुशाल ठेवू देत. पण तुमच्या आवाजाची कोणी रोज वाट बघत असेल, तर त्या माणसाचा नंबर तेवढा स्वतः पाठ करा. मी तो विसरलो, याची चुटपुट मला अजून आहे.