पश्चिमेचा कोपरा

हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. साखऱ्याच्या पलीकडं एका लहानशा वाडीत संतराम नावाचा शेतकरी राहायचा आणि सगळी वाडी त्याला पाठीमागं वादळ्या म्हणायची. पाठीमागं कशाला, तोंडावरही म्हणायची. तो पानपट्टीपाशी दिसला की कुणीतरी विचारणारच, "काय संतराम, आज वारं किती वाजता हाय?" आणि हा भला माणूस खरोखरच मान वर करून आभाळ बघायचा.

हसणाऱ्यांचं काय जातंय म्हणा. मागच्या वैशाखात वादळ झालं तेव्हा त्यांची घरं शाबूत राहिली होती. संतरामच्या घरावरचे पत्रे मात्र वाऱ्यानं उचलले ते थेट ओढ्यापलीकडच्या वावरात नेऊन टाकले. जाता जाता एका पत्र्यानं त्याच्या बायकोचा, गोजरबाईचा दंड चिरला. बाकी कुणाला काही झालं नाही. पण डोक्यावरचं छप्पर जातं आणि आपण नुसते तोंड वर करून बघत राहतो, हे त्याला वर्षभर सलत राहिलं.

पत्रे का उडाले, याचा त्यानं पुष्कळ विचार केला. त्या भागात पत्र्यांवर दगड ठेवतातच. वासे जुने, खिळा धरत नाहीत, मग वजनावर भागवायचं. संतरामच्या हिशेबानं मागच्या खेपेला दगड कमी पडले होते. म्हणून उन्हाळा लागताच तो बैलगाडी घेऊन ओढ्यात उतरला आणि चांगले भक्कम दगड निवडून आणले. वारं पश्चिमेकडून येतं, तेव्हा सगळ्यात जड दगड त्यानं पश्चिमेच्या कडेला लावले. तरी समाधान होईना. शेवटी परसात पडलेल्या जुन्या जात्याचा खालचा दगड त्यानं वाडीतल्या सटवाजीच्या मदतीनं वर चढवला आणि अगदी कोपऱ्यावर नेऊन ठेवला.

"जातं कुणी घरावर चढवतं व्हय?" गोजरबाई खालून ओरडली. "लक्ष्मी हाय ती. उतरवा आदी."

"लक्ष्मीच धरून ठेवंल घराला. तू भाकरी कर."

त्याचा बंदोबस्त बघून सटवाजीनंही आपल्या घरावर तसेच दगड रचले. संतरामला त्या दिवशी फार बरं वाटलं. निदान एका माणसाला तरी शहाणपण सुचलं.

पण घर बांधून ठेवलं तरी माणसांचं काय? घरात तो, गोजरबाई आणि नात सृष्टी. सृष्टी नुकतीच पहिली पास झालेली. तिचे आईबाप, मुन्ना आणि शिला, नांदेडला बांधकामावर होते. सुट्टीत लेकीला तिकडं न्यावं म्हणून मुन्ना आला, तर संतरामनं त्याला उभं केलं नाही.

"तुमी ऱ्हाता पत्र्याच्या खोपटात. वारं आलं तर लेकरू कुठं ठेवशील? हितं म्या सगळा बंदोबस्त केलाय."

मुन्नानं पत्र्यावरचे दगड पाहिले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एकटाच गेला. तेव्हापासून संतरामच्या जिवाला घोर होता. पोरगं आपण हट्टानं ठेवून घेतलंय, त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये.

मग रोजची तालीम सुरू झाली. परभणीच्या रेडिओवर वादळी पावसाची शक्यता सांगितली, की ती सगळ्या मराठवाड्याला नसून आपल्या एकट्यालाच आहे असं समजून संतराम परात बडवायचा आणि ओरडायचा, "वारं आलं!" ओरडा ऐकला की हातातलं टाकून पश्चिमेच्या कोपऱ्यात जायचं. तिथली भिंत सगळ्यात जाड होती, बाजूला ज्वारीची कणगी होती. कणगीला टेकून बसायचं, वाकळ डोक्यावर घ्यायची आणि आबा सांगेपर्यंत हलायचं नाही. गोजरबाई कुरकुरत, गुडघे धरत यायची. "म्हातारपणी काय सोंगं लावलीत," म्हणायची. सृष्टी मात्र वाऱ्यासारखी पळायची आणि वाकळीतून हसायची. एकदा तर ती जेवताना घास तोंडात घेऊन तिथं जाऊन बसली. संतरामनं तिला गोळ्या आणून दिल्या.

"कुणी बी हाक मारली तरी हालायचं न्हाई, बरं का."

"आजीनं मारली तरी?"

"आजीनं मारली तरी."

आणि मग ते आलं. दुपार कलताना पश्चिमेकडं आभाळ काळंनिळं झालं. संतरामनं घराकडं एकदा निरखून पाहिलं आणि निर्धास्त मनानं शेतात गेला. कडब्याची गंजी दोरानं आवळायची राहिली होती. घराची त्याला काळजीच नव्हती, हेच पुढं त्याला जन्मभर लागून राहायचं होतं.

दोर अर्धा आवळून झाला आणि वारं आलं. गंजी त्याच्या डोळ्यांदेखत सुटली, पेंढ्या आभाळात चढल्या. तोंडात माती, डोळ्यांत माती. तो बांधावरच्या बाभळीला मिठी मारून बसला. जरा उसंत मिळताच उठला आणि समोरच्या वाऱ्यात वाकून वाडीकडं चालू लागला. वाडीच्या कडेलाच सटवाजीचं घर. घरातली माणसं लग्नाला गेली होती, दाराला कडी होती. संतराम तिथवर पोचला आणि त्याच्या समोर सटवाजीच्या घरावरच्या पत्र्याची कड उचलली गेली. पत्रा दगडांसकट उभा राहिला. दगड बाहेर पडले नाहीत. ते पत्र्यावरून घसरले आणि धडाधड आत, घरात पडले.

संतराम जागच्या जागी उभा राहिला. मागच्या वर्षी नुसते पत्रे उडाले होते. यंदा पत्र्यांवर दगड होते, आणि दगडांखाली कुठं बसायचं ते त्यानंच शिकवलं होतं.

तो पळत सुटला. पायातली वहाण गेली. "सृष्टे!" तो ओरडत होता, "तिथं बसू नको गं! बाहेर पळ! माझं आइकू नको!" वारं समोरून होतं, त्याचा आवाज त्याच्याच तोंडात परत कोंबत होतं. महिनाभर पोरगी ऐकते म्हणून तो वाडीभर कौतुक सांगत फिरला होता. आता एकदाच, फक्त आजच्या दिवशी तिनं ऐकलेलं नसावं, म्हणून तो देवाला हात जोडत पळत होता. खट्याळ निघावी, आजीच्या मागं गोठ्यात गेलेली असावी, गारा वेचायला अंगणात असावी.

अंगणात गोजरबाईनं गारा थांबाव्यात म्हणून टाकलेला पालथा तवा होता. वासरू बांधायला गेलेली गोजरबाई वाऱ्यानं गोठ्यातच अडकली होती आणि आता घरात कोपऱ्यातले दगड दोन्ही हातांनी बाजूला फेकत होती. वर आभाळ दिसत होतं. कणगी फुटून ज्वारी पसरली होती.

दोघांनी मिळून दगड काढले. कणगीनं बराच मार स्वतःवर घेतला होता, म्हणून पोरगी जिवंत होती. पण जात्याचा दगड तिच्या पायावर होता. तो उचलला तेव्हा गोजरबाईनं पदर तोंडात कोंबला. संतरामनं एकदाच त्या पायाकडं पाहिलं.

सृष्टीनं वाकळ अजून डोक्यावरच धरली होती.

"आबा, मी हालले न्हाई," ती म्हणाली. "आजीनं लई हाका मारल्या. तरी हालले न्हाई."

त्याला शाबास म्हणता आलं नाही.

गल्लीतली माणसं धावून आली. सेनगावच्या दवाखान्यात न्यायला जीप होती, पण रस्त्यावर बाभळी आडव्या झाल्या होत्या. माणसं कुऱ्हाडी घेऊन तिकडं धावली. गोजरबाई कुणाच्या तरी घरात पोरीला न्यायचं म्हणत होती, पण हलवलं की सृष्टी किंचाळायची. तेवढ्यात पश्चिमेकडून पुन्हा गडगडलं. पहिल्यापेक्षा मोठं काळं वर चढून येत होतं.

"आबा, वारं आलं," सृष्टी हळूच म्हणाली. "आता कुठं बसू?"

संतरामनं चारी भिंतींकडं पाहिलं. उरलेल्या पत्र्यांवर त्यानं स्वतः निवडून आणलेले दगड तसेच होते. त्याला एकही जागा सांगता आली नाही. पावसाचे थेंब पडू लागले तसा तो गुडघ्यांवर बसला, पोरीच्या दोन्ही बाजूंना हात टेकले आणि तिच्यावर वाकून राहिला. पाऊस त्याच्या पाठीवर कोसळला, मानेवरून, हनुवटीवरून खाली येऊ लागला.

सृष्टीनं तोंड बाजूला केलं.

"आबा," ती म्हणाली, "वरून गळतंय."