दोन बोटं आखूड

शिंपीमामांनी काळं कापड हाती धरणं सोडलं, त्याला तीन वर्षं झाली होती. त्यांच्या कोपरांवर सोरायसिस होता. त्याचे पांढरे पापुद्रे काळ्या कोटावर पडत आणि गिऱ्हाईक कोट झटकत झटकत दुकानाबाहेर पडे. हा आजार कुणाला लागत नाही, असं मामा समजावत. गिऱ्हाईक मान डोलावी आणि पुढचा कोट दुसरीकडे शिवायला टाकी.

मग भाची वकील झाली. कोट घालीन तर मामाच्या हातचाच, असं तिनं ठणकावलं. मामांनी शब्द दिला आणि प्रकाशोपचारासाठी दवाखाना गाठला. कोट द्यायला हातात दहा आठवडे होते.

आठवड्यातून तीनदा मामा डोळ्यांना काळा चष्मा लावून, नुसत्या चड्डीवर, अतिनील प्रकाशाच्या उभ्या नळ्यांच्या कपाटात शिरत. सुरुवात काही सेकंदांनी झाली; मग दर खेपेला मात्रा जराशी वाढे. सिस्टरची एकच अट होती: दर वेळी हीच चड्डी.

पाचव्या आठवड्यात पापुद्रे झडले आणि मामांना हुरूप आला. आता ती ढगळ चड्डी त्यांना बघवेना. चाळीस वर्षं गावाला नीटनेटकं ठेवणाऱ्या माणसानं असं उभं राहायचं? त्यांनी ती दोन बोटं आखूड केली. मामी म्हणाल्या, कपाटात कोण बघायला येतंय? पण तोवर कात्री चालून गेली होती.

ती घालून कपाटात उभं राहिल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्यांवर लालभडक पट्टे उमटले.

"काय बदललंत, काका?" पुढच्या खेपेला सिस्टरनं विचारलं.

"काही नाही. चड्डी तीच आहे. फक्त वर घेतली."

बाकीची कातडी पाच आठवडे सरावली होती. या पट्ट्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा खाल्ली, हे सिस्टरनं शांतपणे सांगितलं. मग पुन्हा निरखून पाहिलं. "इतकं सरळ भाजलेलं मी आजवर पाहिलं नाही."

"टेप लावून कापली होती," मामा म्हणाले.

दोन खेपा बुडाल्या. मामांनी कापलेली पट्टी परत जोडली, शिवण दिसणार नाही अशी, आणि पुन्हा कपाटात जाऊन उभे राहिले.

दहाव्या आठवड्यात भाची कच्च्या टाक्यांचा काळा कोट घालून आरशापुढे उभी राहिली. मामांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. कोपरं गुळगुळीत होती. तेवढ्यात मामींची नजर कोटाच्या खांद्यावर गेली. तिथं पांढरं काहीतरी होतं. भाचीनं गुपचूप हात वर नेला.

"झटकू नकोस," मामा टाचण्या तोंडात धरूनच म्हणाले. "खडू आहे तो. बाही तिथं लागायचीय."