आरशांकडे जाणारे डोळे

मित्रांनो, मी एक जुना वेबकॅम आहे. लॅपटॉपच्या झाकणावर चिमट्याने बसवतात ना, तो. माझी काच एका कोपऱ्यात खरवडली आहे आणि चिमटा सैल झाल्यामुळे त्यात दुमडलेला पुठ्ठा घालावा लागतो. मला एक डोळा आहे आणि एक बारीकसा कान. तोंड काही मला कोणी दिलं नाही. पुष्कळ वर्षं मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. मास्क लावलेली एक मुलगी दिवसभर आमच्यासमोर काळ्यापांढऱ्या रेघांचा तक्ता धरायची. रेघा स्वच्छ दिसल्या की उजव्या खोक्यात, नाही दिसल्या की डाव्या. मी उजव्या खोक्यात पडलो आणि उगीचच फुशारलो. आपल्याला नीट दिसतं, म्हणजे आता जगात काही अडायचं नाही, असं मला वाटत होतं.

पहिल्या घरात माझे खूप लाड झाले. तिथे एक आजोबा होते आणि त्यांची नात दूरदेशी राहायची. संध्याकाळ झाली की आजोबा माझी काच सदऱ्याच्या टोकाने पुसायचे आणि बोलायला बसायचे. बोलण्याच्या भरात ते इतके पुढे यायचे, की पलीकडून नात ओरडायची, "आजोबा, मागे सरका, नुसतं नाक दिसतंय!" मग दोघंही हसत सुटायची. आजोबा सगळ्यांना सांगायचे, "हा आहे म्हणून पोरगी भेटते." अशी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही. आजोबा गेले आणि मी त्यांच्या पुतण्याकडे आलो.

पुतण्या ऑनलाइन विद्यापीठात शिकत होता. परीक्षा घरूनच, माझ्यासमोर. आधी ओळखपत्र चेहऱ्याशेजारी धरायचं, म्हणजे बसणारा तोच का ते जुळवून बघता येतं. मग मला उचलून खोलीच्या चारी भिंती आणि टेबलाखालची जागा दाखवायची. त्यानंतर पहारा सुरू होतो. पहारा म्हणजे माणूस नाही बरं का, एक प्रोग्रॅम. माझ्या डोळ्याने बघायचं आणि नजर इकडेतिकडे गेली, ओठ हलले, की टिपून ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

या पठ्ठ्याने काय करावं? खोली दाखवून झाली की बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या माझ्याच अंगावर चिकटवल्या! एक कपाळावर, दोन गळ्याशी. मला स्वतःचं अंग दिसत नाही, मग पहाऱ्याला कुठून दिसणार? पेपर संपेपर्यंत पुतण्याची नजर माझ्यावरून तसूभरही ढळली नाही. पहाऱ्याने शेरा दिला, 'वर्तन निर्दोष'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मूग गिळून बसण्यावाचून मी काय करणार होतो? काम झाल्यावर त्याने मला दुरुस्तीच्या दुकानात देऊन टाकलं.

तिथून मला एका बाईने घरी नेलं. ती शाळेची बस चालवायची. बसमधली मुलं तिला बसमावशी म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. गियर टाकून टाकून आणि तासन्‌तास बसून तिची पाठ कामातून गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्टिअरिंग सोडा, नाहीतर पुढे धड उभंही राहता येणार नाही. बसकंपनीच्या वेळापत्रक विभागात खुर्चीवरचं काम होतं आणि साहेब तिला घ्यायला तयारही होते. फक्त पदवी हवी होती. म्हणून या वयात ती पुस्तकं घेऊन बसली होती. बाकीचे पेपर तिने केंद्रावर जाऊन दिले आणि सुटली. शेवटचा एक उरला तेव्हा विद्यापीठाने केंद्रं बंद केली आणि परीक्षा घरून द्यायची असं ठरलं.

तिच्या लेकीने मला लॅपटॉपवर बसवलं, हिरवा दिवा लागला आणि मी बसमावशीला पहिल्यांदा पाहिलं. ती प्रश्न वाचत होती आणि वाचता वाचता तिची नजर डावीकडे गेली, उजवीकडे गेली, मग वर गेली, पुन्हा प्रश्नावर आली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. लेक खुदकन हसली.

"आई, घरात कुठे आलेत आरसे?"

"अगं, जातात डोळे," मावशी म्हणाली. "मला कळतही नाही."

मलाही तेव्हाच उलगडा झाला. डावा आरसा, उजवा आरसा आणि वरचा, मागे बसलेली मुलं दिसतात तो. वर्षानुवर्षं तिचे डोळे त्या वाटेने फिरत आले होते. स्वयंपाक करताना, टीव्ही बघतानासुद्धा फिरायचे म्हणे.

पेपरच्या दिवशी ओळखपत्र जुळलं, चारी भिंती दाखवून झाल्या. मावशीचा अभ्यास पक्का होता, ती भराभरा लिहीत गेली. आणि प्रत्येक उत्तराआधी विचार करताना डावीकडे, उजवीकडे, वर. पहारा टिपत गेला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अरे, तिथे काही नाही! डावीकडे कपाट आहे, उजवीकडे खिडकी आहे, वर पंखा आहे. पण मला जे दिसतं ते पाठवता येतं, सांगता काही येत नाही.

निकालाऐवजी चौकशीचं बोलावणं आलं. चौकशीही माझ्यासमोरच झाली. पडद्यावर समितीचे अध्यक्ष होते आणि एक तरुण प्राध्यापिका. माणसं वाईट नव्हती, मित्रांनो. अध्यक्षांनी तर आधी मावशीच्या तब्येतीची चौकशी केली.

"तुमची नजर सारखी तीन ठिकाणी जाते," ते म्हणाले. "काय होतं तिथे?"

"काही नाही सर. आरसे असतात तिथे."

"खोलीत?"

"नाही, बसमध्ये. मी ड्रायव्हर आहे ना."

प्राध्यापिकेला हसू आलं, पण मावशीचा चेहरा बघून ती लगेच गप्प झाली. "सर, हे खरं असू शकतं," ती हळूच म्हणाली.

"मलाही खरंच वाटतंय," अध्यक्ष म्हणाले. "पण अहवालात लिहू काय? नोंद तर समोर आहे. उद्या प्रत्येक जण असंच काहीतरी सांगेल."

"मग मला समोर बसवून घ्या ना परीक्षा. कुठेही येते मी," मावशी हात जोडून म्हणाली.

"केंद्रंच राहिली नाहीत हो आता."

शेवटी ठरलं असं, की हा पेपर रद्द, पण पुन्हा एकदा बसता येईल, शेवटचंच. या वेळी पहारा कडक असेल आणि तिसऱ्या इशाऱ्याला पेपर आपोआप बंद होईल. त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी दिलं. मला मात्र भरून आलं. पुतण्याने माझ्या गळ्याशी चिकटवलेल्या चिठ्ठ्या मला आठवत होत्या आणि या बाईची झाडाझडती चालली होती.

मग तालीम सुरू झाली. लेकीने माझ्याखाली लाल कागदाचा ठिपका चिकटवला. मावशीने ठिपक्याकडे बघत उत्तरं म्हणायची आणि नजर हलली की लेक चमच्याने टेबलावर टक् करायची. पहिल्या दिवशी नुसती टकटक चालली होती. मावशी वैतागायची, "चमचा ठेव गं बाई, सुतारपक्षी झालीस नुसती!" पण रोज बस लावून आली की पाठीला उशी लावून बसायचीच. हळूहळू टकटक कमी झाली. एका संध्याकाळी तर तिने अख्खं उत्तर म्हटलं आणि डोळे जागचे हलले नाहीत. लेकीने तिला मिठी मारली. आता हिची पाठ वाचणार म्हणून माझाही जीव भांड्यात पडला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. लेकीने मला लावून ठेवलं होतं, चमचाही तयार होता. मावशी आली ती बूटही न काढता खुर्चीत बसली.

"काय झालं आई?"

"मी बस पुढे काढली. आरशात न बघता."

"कोणाला लागलं?"

"नाही. बसमधली मदतनीस ओरडली आणि माझा पाय ब्रेकवर गेला. एक पोरगी उतरून चाकापाशी वाकली होती. बाटली घरंगळली होती तिची." मावशीने तोंडावरून हात फिरवला. "मला दिसलीच नाही गं. मी समोर बघत होते. अगदी सरळ."

लेकीने चमचा उचलून आत नेऊन ठेवला. त्या दिवशी कोणी अभ्यासाचं नाव काढलं नाही.

पेपरच्या दिवशी सकाळी लेक समजावत होती. "आई, आजचा दिवस सरळ बघ. उद्यापासून परत बघ आरशात."

"सवय म्हणजे काय नळ आहे का, हवा तेव्हा सोडायला?"

"आणि पाठ?"

"पाठ माझी आहे. मागे बसलेली पोरं लोकांची आहेत," मावशी म्हणाली. "मला डोळे सरळ ठेवता येतात आता. तेच मला नको आहे. पेपर देते मी, येतंय सगळं. डोळे जातील तिकडे जातील."

तिने ओळखपत्र धरलं, भिंती दाखवल्या आणि लिहायला लागली. पहिला प्रश्न झाला. विचार करताना डोळे डावीकडे गेले. पहिला इशारा. ती लिहीत राहिली. थोड्या वेळाने वर. दुसरा. मला वाटलं, आता तरी ही सावध होईल. मला वाटलं, चिमट्यातून निसटून खाली पडावं, म्हणजे पेपर माझ्यामुळे थांबला असं होईल. पण तेवढंही मला जमलं नाही. पुठ्ठा घट्ट बसला होता. तिसऱ्यांदा नजर उजवीकडे गेली आणि अर्धं वाक्य लिहिलेलं असताना पडदा लाल झाला. मावशीने दाराबाहेर थांबलेल्या लेकीला हाक मारली. "येत होतं गं मला," ती लेकीला म्हणाली आणि तिने माझी वायर काढली.

मावशी अजून बसच चालवते. सकाळी तिला पलंगाच्या कडेला धरून उठावं लागतं, हे मी उघड्या लॅपटॉपवरून कधीमधी पाहतो. कॉपी करणाऱ्यांना पकडू नका, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पकडायलाच हवं. पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारख्याच्या डोळ्याने कोणाला तरी तपासाल. तेव्हा मी काय दाखवतो तेवढंच बघून थांबू नका. जरा त्या माणसाशेजारी जाऊन बसा आणि तो रोज काय काम करतो ते बघा.

आणि उद्या शाळेच्या बसमधून उतरलात की लगेच पळू नका. बाजूला सरका, वळा आणि एकदा हात हलवा. तुम्ही सुखरूप लांब गेलात की नाही, ते कोणीतरी आरशात बघत असतं.